एकेचाळीस मिनिटं सतरा सेकंद

कारखान्यात त्याला सगळे अर्धसूत म्हणायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कुणी काम पुढे केलं की तो पट्टी लावायचा, डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, अर्धं सूत कमी आहे. बहुतेक वेळा ते असायचंच, म्हणून राग जास्त यायचा. मी लेथवर टर्नर, तो देखभाल खात्यात फिटर. एकतीस वर्षं एका छपराखाली काढली.

बायको गेल्यापासून तो दोन खोल्यांत एकटा राहतो. पुढच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर हत्यारांची फळी. प्रत्येक पान्याचा आकार फळीवर काळ्या रंगाने काढलेला, म्हणजे एखादा जागेवर नसला तर दारातूनच दिसावं. मी एकदा त्याची पक्कड नेली आणि चार दिवस परत केली नाही. चारही दिवस तो रोजच्यासारखा माझ्याबरोबर फिरायला आला, पण माझ्याशी बोलला नाही.

आठ महिन्यांपूर्वी एक मुलगी त्याच्याकडे आली. बंद पडलेल्या कारखान्यांवर ती पॉडकास्ट करत होती. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखंच, पण इंटरनेटवर ठेवलेलं, हवं तेव्हा ऐकायचं. तिने टेबलावर माइक ठेवला आणि दोन तास त्याचं बोलणं घेतलं. मीही बसलो होतो. मला विचारलं तेव्हा मी लेथबद्दल बोललो. तो मात्र क्रेनबद्दल बोलला.

क्रेनला एक लिमिट स्विच असतो. हूक ठरावीक उंचीवर पोचला की तो वीज तोडतो. आमचा स्विच बिघडला होता, अधूनमधून मध्येच वीज तोडायचा आणि माल अडायचा. फोरमन वैतागला. त्या पाळीला इलेक्ट्रिशियन नव्हता, म्हणून त्याने अर्धसूताला वर चढवलं आणि स्विचला बगल देऊन सरळ तार जोडायला सांगितली. पाचव्या दिवशी हूक वर जाऊन धडकला, दोर तुटला आणि सव्वा टनाचा साचा खाली उभ्या असलेल्या खलाशावर, म्हणजे भार बांधणाऱ्या मजुरावर, पडला. तो जागीच गेला. निरीक्षक यायच्या आत तार काढली, तीही अर्धसूतानेच. अहवालात आलं की खलाशाने साखळी नीट बांधली नाही आणि तो निष्काळजीपणे भाराखाली गेला. साक्षीदार म्हणून दोन सह्या होत्या. एक त्याची, एक माझी.

त्यानंतर दर वर्षी सुरक्षा सप्ताहात नव्या कामगारांना खलाशाचं उदाहरण द्यायचे. असं वागू नका, नाहीतर असं होतं. आम्ही दोघं मागच्या रांगेत उभे राहून ऐकायचो. सव्वीस वर्षं झाली.

हे सगळं त्याने माइकसमोर सांगितलं. तार मी लावली, असं तीनदा म्हणाला. मुलीचे डोळे भरून आले होते. जाताना ती म्हणाली, काका, हे लोकांपर्यंत पोचलंच पाहिजे.

त्याने खलाशाच्या बायकोला निरोप दिला. एवढंच कळवलं की कारखान्यावर कार्यक्रम येणार आहे, त्यात तुमच्या घरच्यांबद्दल खरं काय ते आहे, आला की घरी येऊन ऐका. आणि मग तो ऐकायच्या सोयीला लागला.

त्याच्याकडे बटणांचा फोन. मी म्हटलं, माझ्या मोबाइलवर ऐकव की. नको म्हणाला. तिला बसून, मोठ्या आवाजात, हवं तिथे थांबवून ऐकता आलं पाहिजे. जावयाने जुना लॅपटॉप दिला होता. त्यावर दुसरं काही चालेना, म्हणून जावयाने त्यात विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली होती. अर्धसूत त्यावर पत्ते खेळायचा.

त्याने एक वही केली. डाव्या पानावर प्रोग्रॅमचं नाव, उजव्या पानावर काय झालं ते. एका वेळी एकच, आणि एक पुरता तपासल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. एक संकेतस्थळ मोबाइल नंबर मागायचं आणि त्यावर आलेला आकडा टाकेपर्यंत मुदत संपायची. दुसऱ्यावर भाग दिसायचे, पण ऐकायला खातं हवं आणि खात्याला कार्ड हवं. तिसऱ्यावर म्हणे त्यांचं ॲप घ्या, आणि ॲप फक्त मोबाइलचं. लिनक्सवाल्यांच्या चर्चांत शिरला, तर प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा आणि प्रत्येक जण दुसऱ्याला मूर्ख ठरवणारा. अगदी आपल्या कॅन्टीनसारखं आहे, म्हणाला. त्या महिन्यात तो तेवढाच एकदा हसला.

स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायला तो जावयाकडून फोनवर शिकला. जावई एक अक्षर सांगायचा, हा ते मोठ्याने म्हणायचा, मग दाबायचा. जावई म्हणाला, बाबा, मी आलो की दहा मिनिटांत करून देतो. हा म्हणाला, जावईबापू, तुम्ही केलंत तर बिघडल्यावर मी काय करू?

शेवटी त्याला कळलं की प्रत्येक पॉडकास्टचा एक फीड असतो, म्हणजे एक साधा पत्ता. नवा भाग आला की त्या पत्त्यावर नोंद होते. खातं नको, कार्ड नको. जीपॉडर नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो पत्ता चिकटवला की भाग आपल्या मशीनवर उतरतो, आणि मग तो व्हीएलसीमध्ये वाजवायचा. मुलीच्या पॉडकास्टचे जुने भाग उतरवून त्याने सराव केला. कुठल्या तरी गिरणीचा एक भाग त्याने सहा वेळा ऐकला, फक्त थांबवणं आणि मागे नेणं हाताला बसावं म्हणून. स्पीकरच्या तारांना नव्याने सोल्डरचा डाग दिला. तिसरी खुर्ची हलायची, तिचा पाय नीट केला. या कामाला सात आठवडे लागले. मी त्याला मोठमोठी यंत्रं उघडून बसवताना पाहिलं आहे, त्यात इतका जीव ओतलेला पाहिला नाही.

भाग शुक्रवारी आला. वहिनी रविवारी येणार होत्या. वहिनी म्हणजे खलाशाची बायको, आम्ही दोघं त्यांना वहिनीच म्हणतो. शुक्रवारी दुपारी त्याने मला बोलावलं. आम्ही ऐकलं.

सुरुवातीला संगीत. मग कारखान्याच्या मालकाचा मुलगा, वडिलांच्या स्वप्नाबद्दल. मग एक प्राध्यापक. अठ्ठाविसाव्या मिनिटाला अर्धसूताचा आवाज आला. पहाटेचा भोंगा झाला की आख्खी वस्ती त्यावर घड्याळं लावायची, असं तो सांगत होता. पन्नास सेकंद. मग पुन्हा संगीत, पुन्हा मालकाचा मुलगा, आणि भाग संपला.

त्याने वही ओढली.

आमच्या धंद्यात माप जुळलं नाही तर आधी मापाचं हत्यार तपासतात, मग काम. त्याने तेच केलं. भाग पूर्ण उतरला नसेल, म्हणाला. पुसून पुन्हा उतरवला. एकेचाळीस मिनिटं सतरा सेकंद. ऱ्हिदमबॉक्स नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फीड घालून तिथून उतरवला. एकेचाळीस सतरा. संकेतस्थळ उघडून तिथेच वाजवला. एकेचाळीस सतरा. मग जावयाला फोन केला. जावयाने एक कमांड सांगितली. ती दोन फायली शेवटपर्यंत ताडून पाहते, आणि फरक नसला तर काहीच छापत नाही. त्याने दोन्ही फायली दिल्या. कमांड गप्प राहिली.

त्याने पट्टी खाली ठेवावी तसा हात टेबलावर ठेवला.

मग मुलीला फोन लावला. तिने आनंदाने घेतला. आवाज फार छान आलाय काका, भोंग्याचं लोकांना खूप आवडतंय. क्रेनचं विचारल्यावर ती भराभर बोलू लागली. वेळेचं गणित होतं, म्हणाली, वकिलांनी पाहिलं, आणि मालकाच्या कुटुंबाने जुने कागद, फोटो सगळं दिलं होतं. पुढे कधीतरी वेगळा भाग करू. अर्धसूताने विचारलं, ते बोलणं तुझ्याकडे आहे का? मूळ फाइल जागेअभावी ठेवत नाही, असं ती म्हणाली.

मी त्याला म्हटलं, वहिनींना कळव, येऊ नका म्हणावं. भाग रद्द झाला सांग. त्याने माझ्याकडे मी कमी मापाचं काम पुढे केल्यासारखं पाहिलं.

रविवारी चार वाजता वहिनी आल्या. चष्मा पदराने पुसून खुर्चीत बसल्या. नीट केलेल्याच खुर्चीत. लावा भाऊजी, म्हणाल्या. त्याने लॅपटॉप उघडला आणि तसाच उभा राहिला.

"वहिनी, यात नाही. मी सांगितलं होतं, त्यांनी कापलं."

"काय सांगितलं होतं?"

त्याने सांगितलं. स्विच, तार, फोरमन, सही. दोन तासांचं बोलणं चार वाक्यांत झालं. "सांगितलं फोरमनने, पण हात माझा," असं शेवटी म्हणाला.

वहिनींनी हत्यारांच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या की सासू मरेपर्यंत बोलत राहिली, माझा मुलगा बेफिकीर निघाला, तुला उघड्यावर टाकून गेला. आणि मीही तेच म्हणत आले. पोरांदेखत म्हणत आले.

"त्या मुलीला हे कधी सांगितलंत?"

"आठ महिने झाले."

"माझं घर इथून किती लांब आहे, भाऊजी?"

तो माणूस मापात कधी चुकला नाही. तेव्हाही चुकला नाही.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला. "चालत."

वहिनी उठल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या. दार लावून घेतलं नाही.

लॅपटॉपवर भाग उघडाच होता, सुरू न केलेला. अर्धसूताने तो बंद केला, स्पीकरच्या तारा काढून गुंडाळल्या आणि पक्कड फळीवर तिच्या आकारात लावली. मी निघालो. तो ये म्हणाला नाही, मीही येतो म्हणालो नाही.

घरी आलो आणि उंबऱ्यातूनच परत फिरलो. घड्याळ पाहून वहिनींच्या दारापर्यंत चालत गेलो. दार बंद होतं. वाजवलं नाही.

माझ्या घरापासून सात मिनिटं.