चिंधी बांधलेला दोडका

मी वर्ध्यातल्या एका प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या कर्करोगावर काम करते, आणि त्याच कर्करोगानं माझे बाबा गेले. "मग तुला आधी कसं कळलं नाही?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांशी मी बोलणंच टाकलंय. ज्योतिषी आहे का मी?

बाबांची समुद्रपूरकडे भाजीची वाडी. आजार कळल्यावर त्यांना वर्ध्याजवळ नालवाडीला माझ्या खोलीवर आणलं. आई आधीच गेलेली, आम्ही दोघंच. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तू थ्या लॅबमंदी काय करून राह्यली, बाई?"

इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मी अशी खुलले! म्हटलं, बाबा, पेशीत राखणदार प्रथिनं असतात, ती गाठ वाढू देत नाहीत. त्यांच्यावर युबिक्विटिन नावाचं दुसरं बारकं प्रथिन येऊन चिकटतं. चिंधी बांधल्यासारखं. ती चिंधी दिसली की...

"समजलं," बाबा मध्येच म्हणाले. "बियाण्याच्या दोडक्यावानी."

आमच्या वाडीत बियाण्यासाठी राखलेल्या दोडक्याला आई लुगड्याची चिंधी बांधायची. त्याला हात लावायचा नाही, वेलावरच वाळू द्यायचा. लहानपणी मी एकदा तसला तोडला, तर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. माझ्यात हा गुण त्यांचाच.

पेशीत मात्र नेमकं उलटं. अशी चिंधी लागलेल्या राखणदाराला पेशी बहुतेक वेळा चुरा करून टाकते. या कर्करोगात कितीतरी राखणदार असेच जातात, मग गाठीला रान मोकळं. हे सांगायला हवं होतं. माझं काम त्यांच्या उपयोगाचं नाही, हेही. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता. "हो बाबा, तसंच," म्हटलं.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात भरती केलं. नर्सनं मनगटाला नावाची पट्टी बांधली. बाबांनी हात वर करून मला दाखवला. "पाह्य, मले बी चिंधी बांधली. आता मले कोणी तोडत नाई." कितीतरी दिवसांनी हसले. मीही मेली हसले.

पाचव्या दिवशी नर्सनं ती पट्टी कात्रीनं कापली.

नंतर एकटीच वाडीवर गेले. नालवाडीला यायच्या आधी बाबांनी माझ्या जुन्या ओढणीची चिंधी बांधून ठेवलेला एक दोडका वेलावर वाळून खडखडत होता. मी तो तोडला. "रागवा ना आता, बाबा," मोठ्यानं म्हटलं. कोणी रागावलं नाही.