ऐकलेल्या सिंफनीवर घेतलेली ट्रायल

"मॅडम, ह्या सगल्यांची बासरी एकसारखी वायट कशी?" डोर्लेकरकाकांनी वही माझ्यापुढे सरकवली. दर पानावर एका सिंफनीचं नाव, खाली शेरा. 'बासरी थरथरते. नीरस.' 'पुन्हा बासरी खराब. ऐकू नये.'

मी रत्नागिरीत ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासते, हिअरिंग एड बसवून देते. काका पूर्णगडचे. उभा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेला, कानही तिथेच गेले. एका कप्तानाच्या कॅसेटींमुळे त्यांना सिंफनीचा नाद लागला. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेली, बहुधा चार भागांची रचना. निवृत्तीनंतर ते दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या, नामवंतांच्या सावलीत राहिलेल्या संगीतकारांच्या मागे लागले. बोटीवर नाव कप्तानाचं होतं, इंजिनात तेल घालणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणून मी ह्यांचं ऐकतो, असं ते सांगायचे. ऐकू येणं झपाट्याने घटत होतं. ते जायच्या आत जमेल तेवढं ऐकून लिहून ठेवायचं, एवढीच त्यांची घाई होती.

आठ महिन्यांपूर्वी कानाचं मशीन बसवलं तेव्हा मी ट्रायल घेतली. त्यांच्या आवडीची, सगळ्या जगाला ठाऊक असलेली सिंफनी लावली. काका "झकास" म्हणाले. मीही खूश.

आता वही वाचून मला मशीनचाच संशय आला. हिअरिंग एड कधीकधी स्वतःच शिट्टी मारतं. ती दाबायला त्यात फीडबॅक कॅन्सलर असतो. बासरीचा लांब सूर त्याला शिट्टीच वाटतो आणि तो सुराचा गळा धरतो. बोलणं ऐकायला ही सोय उत्तम, संगीताला घातक. संगीतासाठी मशीनमध्ये वेगळा प्रोग्रॅम करायचा असतो. मी तो केलाच नव्हता.

मग ट्रायलला कळलं कसं नाही? ती सिंफनी काकांना तोंडपाठ होती. कानाला जे कमी पडत होतं ते आठवण भरून काढत होती. नव्या सिंफनींच्या मदतीला आठवण कुठून येणार?

मी सरळ सांगितलं, चूक माझी आहे.

काकांनी वही पुन्हा स्वतःकडे ओढली. "म्हंजे वाजवणारे बरे होते. मी त्यांना उगाच नावा ठेवली."

मी नवा प्रोग्रॅम केला. त्याआधी ऑडिओग्रॅम काढला होता. कोणता सूर किती मोठा केल्यावर ऐकू येतो, त्याचा हा आलेख; रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. वरच्या सुरांची रेघ तळाला गेली होती. आठ महिन्यांपूर्वी तिच्यात जीव होता. तरी काकांनी तीन आठवडे पहिल्या पानापासून पुन्हा सगळं ऐकलं. मग आले. बासरी आता थरथरत नव्हती. ऐकूच येत नव्हती.

दुसरं मशीन चालेल का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

"मंग शेरे तरी खोडतो. नवीन काय लिवणार?"

माझ्याच टेबलाशी बसून, माझंच पेन घेऊन त्यांनी एकेक शेरा खोडला. मी पुढचा पेशंट थांबवून ठेवला. मला तेवढंच करता येत होतं.

हल्ली ट्रायलला मी पेशंटच्या आवडीचं काही लावत नाही. त्याने कधीच न ऐकलेलं लावते. बहुतेक जण कुरकुरतात, हे काय लावलंय म्हणून. मी शेवटपर्यंत वाजू देते.