गायरान रिकामं आहे

माझं अक्षर चांगलं आहे. आमच्या घराला पहिल्यांदा अभिमान वाटला तो याच गोष्टीचा, आणि पुढं घात झाला तोही तिच्यामुळंच. शाळेत असताना गुरुजींनी वडिलांना बोलावून माझी वही दाखवली होती. वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी वही उलटीसुलटी धरून बघितली आणि म्हणाले, "ओळी सरळ चालल्यात. मेंढरं पायवाटंनं जातात तशा." त्या दिवसापासून घरात आलेला कागद मी वाचायचा आणि घरातून जाणारा कागद मी लिहायचा, असं ठरूनच गेलं.

मुकुंदवाडी स्टेशनपासून थोडं आत आमची दहा-बारा घरं होती, आणि घरांच्या मागं गायरान. दिवाळी झाली की आमची मेंढरं बाहेर निघायची, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसायची, आणि मिरगाच्या आधी परत गायरानावरच्या काट्यांच्या कुंपणाच्या वाडग्यात यायची. वडील, त्यांचे वडील, सगळे हेच करत आले होते. मी मात्र चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलो होतो. भोंगा झाला की मी निघायचो आणि वडील कुत्र्याला हाक मारायचे.

रस्त्याच्या पलीकडं बौद्ध वस्ती होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं तेव्हा गावातली घरं जळाली म्हणून शहराच्या आसऱ्याला आलेली बरीच कुटुंबं तिथं होती. माझ्या शिफ्टचा सोबती त्यांच्यातलाच. आम्ही डबा एकत्र खायचो. विद्यापीठाच्या नावाचा विषय मात्र मी कधी काढत नसे, आणि मी काढत नाही म्हणून तोही काढत नसे. मला तेव्हा तो समंजसपणा वाटायचा. आता वाटतं, तो माझा भित्रेपणा होता आणि त्याचा मोठेपणा.

महापालिकेची निवडणूक लागली आणि माझा आतेभाऊ उभा राहिला. तो मूळचा पिशोरचा. त्याचे वडील लवकर गेले म्हणून तो आमच्याच घरात वाढला, वडिलांच्या मागं मेंढरांत फिरला. पुढं कारखान्यांना माणसं पुरवायचं कंत्राट घेऊ लागला, मोटारसायकल आली, पांढरे कपडे आले. वडिलांचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जीव जास्त होता. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी तक्रार आहेच.

त्याचे विचार ऐकून मी भारावून गेलो होतो, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या अंगणात बसून तो काठीनं मातीत वस्तीचा नकाशा काढायचा. म्हणायचा, "आधी पाणी. मग नाली. मग रस्ता. दिवे सगळ्यात शेवटी. बाकीचे दिव्यापासून सुरू करतात, कारण दिवा लांबून दिसतो. पण अंधारात माणूस जगतंय, तहानंनं नाय जगत." मग वडिलांकडं वळायचा. "मामा, शहर आपल्याकडं चालत यायलंय. नको म्हणलं तरी येणारच. मग त्याला वाट आपणच दाखवू की."

मी ते सगळं जाहीरनाम्यात उतरवलं. टँकरमागं घागरी घेऊन धावणाऱ्या बायकांवर एक परिच्छेद माझ्या पदरचा घातला. निशाणी कपबशी. तिचं चित्रही मीच काढलं.

भाषणंही मीच लिहायचो. आमच्या बाजूच्या सभेत तो म्हणायचा, विद्यापीठाच्या नावाला धक्का लागू देणार नाही. रस्ता ओलांडला की म्हणायचा, नामांतर झाल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही. दोन्ही कागदांवर अक्षर माझंच. पहिल्यांदा मी विचारलं, "दादा, हे कसं?" तो हसला. "अरे, नाव आपल्या हातात हाय का? ते मुंबईला ठरतंय. आपल्या हातात नळ हाय. नळासाठी दोन्हीकडची मतं लागतात." मला ते पटलं. खरं सांगायचं तर माझी हुशारी कुणाच्या तरी कामाला येते आहे, याचंच मला सुख होतं.

एक दिवस डबा खाताना सोबती म्हणाला, "'तहानेला जात नसते' हे त्याच्या भाषणातलं वाक्य चांगलंय. तुमच्याकडच्या सभेतबी होतं म्हणे."

मी भाकरी मोडत राहिलो.

"तूच लिहितोस नं?" तो म्हणाला. "आमची घरं ज्यावरून जळाली, त्याच्यावर तू दोन कागद लिहिलेस. बरं, तू लिही. पण एक ध्यानात ठेव. एका तोंडानं दोन बोलणाऱ्याला तिसरं बोलायला किती उशीर लागतो?"

मला राग आला. त्याच्यावर यावा असं त्यात काहीच नव्हतं, तरी त्याच्यावरच आला. आठवडाभर मी डबा वेगळा खाल्ला.

मतदानाच्या आधी आमच्या माणसांनी त्याला शहरालगतच्या सातारा गावच्या खंडोबाला नेलं. आमच्यात बेल-भंडार उचलला की बोलणं संपलं. तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन त्यानं शपथ घेतली, की वर्षाच्या आत दारात नळ आणीन. वडिलांचे डोळे भरून आले होते. गायरानाची शपथ त्याच्याकडून घ्यावी, असं एकालाही सुचलं नाही. पोटच्या पोरासारखा वाढवलेला माणूस. त्याला कुणी म्हणतं का, की आमच्या अंगणाला हात लावणार नाही अशी शपथ घे?

तो निवडून आला, आणि बोलल्याप्रमाणं कामाला लागला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तो नुसता बोलघेवडा असता तर आम्ही वाचलो असतो.

त्या हिवाळ्यात तो माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला आला. मेंढरं बाहेर होती. वाडगी मोडून, काट्या एका कडेला रचून माणसं रानोमाळ गेली होती. त्यानं सांगितलं आणि मी लिहीत गेलो. पाण्याच्या टाकीसाठी गायरानाचा कोपरा लागणार होता. मग तो म्हणाला, "लिही. सदर गायरान रिकामे असून त्यावर कोणाचेही वाडगे अथवा वहिवाट नाही."

माझा पेन थांबला. "दादा, वाडगी हायेत की."

"आत्ता हायेत का? बघ बाहेर." मी पाहिलं. बाहेर खरंच काही नव्हतं. "कागदाची भाषा असती ती. रिकामी म्हणलं तरच टाकी मंजूर होती. कोपरा टाकीला, बाकी मामाचं मामालाच. मी हाय ना?"

मी लिहिलं. ओळी सरळ आल्या.

अंगठ्यांसाठी वडील दोन दिवस रानातून आले. ते कागदाला आधीपासून भीत. अंगठा दिला की काहीतरी जातं, एवढं त्यांना ठाऊक होतं. "त्यानं भंडार उचललाय नं?" ते म्हणाले. "मग अंगठा कशाला?"

"सरकारी काम आहे, असंच असतं," मी म्हणालो.

"तू वाचलंस का?"

"मीच लिहिलंय."

मग त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि मी बोट ठेवलं तिथं टेकवला. त्यांचा बघून बाकीच्यांनी दिला. अर्ज मी कुणालाच वाचून दाखवला नाही. वाचला असता तर माझ्याच तोंडून ते वाक्य मला ऐकावं लागलं असतं.

टाकी झाली. नळ आला. पहिल्या दिवशी आईनं नळाला हळदकुंकू वाहिलं आणि आतेभावाला बोलावून गोड खाऊ घातलं. पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी मेंढरं परत आली, तेव्हा गायरानावर मोजणीचे दगड बसले होते. गायरानावर आता प्लॉट पडणार होते. तिथं लागलेल्या गृहनिर्माण सोसायटीच्या पाटीवर अध्यक्ष म्हणून आतेभावाच्या मेहुण्याचं नाव होतं.

आम्ही हरकत घेतली. ती हरकतही मीच लिहिली. सुनावणीला वडील धुतलेलं धोतर नेसून आले. साहेबांच्या शेजारी नगरसेवक म्हणून आतेभाऊ बसला होता. त्यानं उठून वडिलांना खुर्ची दिली. तेवढी रीत त्याला आमच्याच घरानं लावली होती.

साहेबांनी फाइल उघडली आणि जुना अर्ज मोठ्यानं वाचला. "सदर गायरान रिकामे असून त्यावर कोणाचेही वाडगे अथवा वहिवाट नाही. सबब विकासकामासाठी ते घेण्यास आम्हा रहिवाशांची हरकत नाही." मग कागद आमच्याकडं वळवून म्हणाले, "खाली तुमचेच अंगठे आहेत. अक्षर तर बघा, मोत्यासारखं."

वडील साहेबांकडं बघतच नव्हते. ते भाच्याला म्हणाले, "तू भंडार उचलला व्हतास."

"उचलला व्हता, मामा. नळाचा." तो अगदी मऊ आवाजात बोलला. "नळ आला का नाय?"

वडिलांना खोटं बोलता येत नसे. "आला," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हा कागद लिवला कुणी?"

आतेभावानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी." वडिलांनी मान हलवली आणि आपला अंगठा धोतराला पुसला. शाई कधीच गेलेली होती.

मेंढरं पिशोरला पाहुण्यांकडं धाडली. गायरानावर बंगले उठले. पुढं नामांतर झालं, तेव्हा आतेभाऊ रस्त्यापलीकडं पेढे वाटत होता आणि परत येताना आमच्या बाजूला, आपला नाइलाज झाला म्हणून सांगत होता. माझा विश्वासघात झाला, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. झालाच. त्याचा मला आजही संताप येतो. पण सोबत्याला मी तेव्हा काय केलं आणि वडिलांना काय केलं, ते सांगताना मी नेहमी पटकन पुढं जात असे.

वडील मला कधी रागावले नाहीत. सुनावणीनंतर, मेंढरं पिशोरला धाडल्यावर काही दिवसांनी पोस्टमन आला. मी अंगणातच बसलो होतो. वडिलांनी त्याच्या हातातून पोस्टकार्ड घेतलं, मी हात पुढं केला, आणि ते माझ्या हातावरून नजर काढून चालू लागले. रस्ता ओलांडून सोबत्याच्या दारात गेले. सोबत्यानं कार्ड हातात घेतलं, एकदा माझ्याकडं बघितलं, मग वडिलांना बाजेवर बसवून वाचायला लागला. इतक्या लांबून मला शब्द कळत नव्हते. वडील मान डोलवत ऐकत होते.

ते परत आले, कार्ड कोनाड्यात ठेवलं. मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"मेंढरं बरी हायेत," ते म्हणाले.

मी कार्डाकडं हात नेला. "बघू, आणखी काय आहे ते वाचतो."

"राहू दे," वडील म्हणाले. "त्यानं वाचलंय."