रबरी विटांचा ट्रॅक्टर आणि माझा पाना

आमच्या घरातला पहिला ट्रॅक्टर रबराच्या विटांचा होता. माझ्या नवऱ्याने बांधलेला, म्हणून दिसायला हुबेहूब होता आणि जागचा हलत नव्हता.

हे कुंभकोणमचे मास्तर. हायस्कुलात चित्रकला शिकवत. त्यांचे एक काका मलायातून परतताना खेळण्यातल्या लाल रबरी विटांची पेटी घेऊन आले होते. एकेक वीट अंगठ्याच्या पेराएवढी, खाली दोन खुंट्या, वर दोन भोकं. एकीवर दुसरी दाबली की घट्ट बसे. विटा होत्या घर बांधायच्या, पण दर नवरात्रात हे त्यांचं काहीतरी वेगळंच बांधत. तिकडे नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. पायऱ्यांवर बाहुल्या आणि खाली जमिनीवर एखादा देखावा. आधी आगगाडीचं स्टेशन झालं होतं, देवळाचं गोपुर झालं होतं. माझ्या लग्नाच्या वर्षी आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात ट्रॅक्टर आलेला, आणि जो तो उठून तो बघायला जात होता. म्हणून ट्रॅक्टर.

मी साताऱ्याकडची. वडील नांगराच्या कारखान्यात फिटर. सासऱ्यांना सून देशावरचीच हवी होती, कारण त्यांचं घराणं तंजावरच्या दरबाराबरोबर खाली आलेलं. घराणं आलं, तशीच त्यांची मराठीही आली आणि जशी आली तशीच राहिली. 'सगळं' म्हणायचं तर अस्की, 'पाहिजे' म्हणायचं तर होणा. सासूबाई भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या तरी मला कुणी बखर वाचतंय असं वाटे. मी पहिल्या आठवड्यात एकदा हसले. मग त्यांनी माझ्या बोलण्याला हसायला सुरुवात केली. "हिचें बोलणें धांवतें गा," असं सासूबाई सासऱ्यांना सांगत, आणि शेजारणींना तेच तामिळमध्ये. दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळा तामिळ कारभार, त्यातलं मला अक्षर कळत नव्हतं.

माझी आई मला तोंडाचा पट्टा म्हणायची. ती मी, आषाढ सरेपर्यंत मूग गिळून बसायला शिकले. दसऱ्यानंतर भाऊ मला दिवाळसणाला न्यायला येणार होता. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं की जायचं आणि परत यायचं नाही. वडिलांना सांगायचं, मारहाण नाही, उपास नाही, माणसं वाईट नाहीत. पण बोलण्याआधी विचार करावा लागतो अशा घरात मी म्हातारी होणार नाही. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. बोलणार तरी कुठल्या भाषेत?

ट्रॅक्टर पुरा झाला त्या संध्याकाळी ह्यांनी मला बघायला बोलावलं. मी खाली वाकून बघितलं.

"पुढची चाकं वळतात का हो?"

"वळाया कशास होणा? दिसतो ना बरवा?"

"आणि नांगर उचलला जातो?"

"चिकटविला आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "मोराचं चित्र काढलंत तर ते उडत नाही म्हणून कुणी रागवत नाही. पण हे यंत्र आहे. न चालणाऱ्या यंत्राला आमच्याकडे भंगार म्हणतात." त्या घरात मी सलग इतकं कधीच बोलले नव्हते. हे रागावतील असं वाटलं. ते विटा उपटायला लागले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं आडुतुरैला गेलो. ह्यांनी वही काढून ट्रॅक्टरचं नाक, चाकं, बसायची जागा रेखाटून घेतली. मी पदर खोचून बांधावर उकिडवी बसले आणि ट्रॅक्टरच्या पोटाखालून बघत राहिले. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन कारखान्यात जायची, तेव्हाची ही खोड. पुढचा आस मध्यावर एकाच खिळीवर टांगलेला होता. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं वर उचललं जाई आणि धूड सरळ राहे. ब्रेकची पायडलं दोन होती, मागच्या प्रत्येक चाकाला वेगळं. बांधाशी आला की चालक दांडी ओढून नांगर वर घेई, एकच ब्रेक दाबी, आणि ट्रॅक्टर त्या चाकाभोवती जागच्या जागी फिरे. मागच्या चाकांना लोखंडी पट्ट्यांचे पिंजरे लावलेले होते, चिखलात रुतू नये म्हणून. परतीच्या गाडीत मी हे सगळं सांगत होते आणि हे माझ्या हातांकडे बघत होते.

घरी आल्यावर कळलं की सांगणं सोपं. दुरून डोंगर साजरे. रबर जड; विटांचं धूड मध्ये वाकायचं. म्हणून पोटातून बांबूची कांब घातली. आस सायकलच्या तारांचे केले. चाकं पॉलिशच्या डब्यांची. मागच्या आसावर दोरा गुंडाळला, तो ओढला की चाकं फिरत. नांगराला दुसरा दोरा, तो चालकाच्या जागेमागच्या दांडीला. ब्रेकचं मात्र काही जमेना. लाकूड लावलं, घसरलं. चामडं लावलं, घसरलं. शेवटी ह्यांनीच चाकाच्या कडेला एक वीट धरली, आणि चाक जागच्या जागी थांबलं. रबरच ते! घर बांधायची वीट ब्रेकसाठी इतकी चांगली असेल हे पेटीवाल्याच्याही डोक्यात आलं नसेल. मी आनंदाने ह्यांच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग सासूबाई बघत आहेत हे लक्षात आलं.

पुढचा आस मध्यावर टांगायला एक बोल्ट आणि नट लावला. फार आवळला तर आस डुलेना, सैल सोडला तर गळून पडे. आवळायला माझ्याकडे पाना होता. वडिलांनी लग्नात दिलेल्या शिवणयंत्राच्या बैठकीचे नट आवळायला त्यांनी तो स्वतः घासून केला होता, बोटाएवढा. यंत्राच्या पेटीत त्याला खाचही पाडून दिली होती. एका हातात बोल्ट धरलेला, म्हणून मी आतल्या खोलीतल्या सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आत्याबाई, तेवढा पाना द्या ना!"

सासूबाई बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या विड्याची दोन पानं, चुना आणि सुपारी घेऊन. माझ्या तोंडाकडे रोखून बघत म्हणाल्या, "आतांच पान होणा? जेवणही झालें नाहीं."

"पान नाही, पाना!"

"तेंच तर आणिलें. पान."

"आकार आहे हो पुढे. पाना, पाना!"

"दोन आहेत कीं. किती होणा तुला?"

मी कपाळाला हात लावला. सासरे ओसरीवर हसून हसून खोकायला लागले. शेवटी मी उठून पाना आणला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, डोळ्यांजवळ नेला. "हें पाना," त्या म्हणाल्या. मग पानं फुकट कशाला घालवायची म्हणून त्यांनी विडा लावला, अर्धा मला दिला. त्या घरात मला पोटभर हसू आलं ते त्या दिवशी.

कोलूच्या पहिल्या संध्याकाळी पायऱ्यांपुढे परातीत कावेरीचा गाळ पसरला. कडेला नाचणी पेरून हिरवं शेत केलेलं. ट्रॅक्टर सोडला आणि तो रुतला. शेजारणी हसल्या. रात्री जेवण सोडून ह्यांनी बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापला, पट्ट्यांचे पिंजरे करून चाकांवर चढवले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चिखल तुडवत बांधापर्यंत गेला, नांगर वर झाला, एक ब्रेक दाबला, आणि तो वळला. मग रोज बायकांची गर्दी. मी मागे उभी राहून हळदकुंकू द्यायची, बोलायच्या सासूबाई.

नवमीला सरस्वतीपूजा. त्या दिवशी घरातली पुस्तकं आणि हत्यारं देवीपुढे मांडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आमच्याकडे खंडेनवमीला कारखाना बंद असे, त्यामुळे मला त्यात नवल नव्हतं. नवल हे की ह्यांचे कुंचले, सासऱ्यांच्या पोथ्या, आणि त्यांच्या शेजारी कुंकू लावलेला माझा पाना. मी ठेवला नव्हता.

आणि नेमका त्याच संध्याकाळी पुढचा नट सैल झाला. दारात बायका येऊन ठेपलेल्या. माझा हात आपोआप पान्याकडे गेला, तशा सासूबाई कडाडल्या, "अगो, हात नको लावूंस!" नट बोटांनी आवळला की दोन फेऱ्यांत पुन्हा ढिला. मग मी परातीशीच बसकण मारली, चिमटीत नट धरला आणि ट्रॅक्टर चालवत राहिले. उठता येईना, त्यामुळे बायका विचारत त्याची उत्तरं मलाच द्यावी लागली. चाकाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "तिरुंबुम्." वळतं. रोज ऐकून तेवढं येत होतं. त्या हसल्या, पण वेगळ्या हसल्या, आणि पुढचं विचारायला लागल्या. सासूबाई एकेक शब्द मागून पुरवत होत्या, अस्की शब्द. बोटं दुखेपर्यंत मी बोलत होते.

दसरा झाला. पूजा उचलली. पाना कुठे दिसेना. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "असेल कोठें तरी."

भाऊ आला. माझं मन आता डळमळत होतं, पण मी हट्टी. ठरवलेलं मोडायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतं. मी ट्रंक भरली, आणि शिवणयंत्राची पेटीही बाहेर काढली. ह्यांना सांगितलं, वडिलांकडून दुरुस्त करून आणते. ह्यांनी मान डोलवली. त्यांना यंत्रातलं काय कळतंय? सासूबाई पेटीकडे बघत उभ्या होत्या. चार दिवसांच्या सणाला शिवणयंत्र कोण नेतं, हे त्यांना कळलं होतं.

जटका, म्हणजे तिकडची घोडागाडी, दारात उभी राहिली. सासूबाईंनी मला कुंकू लावलं, ओटीत पानसुपारी घातली.

"हें पान," त्या म्हणाल्या. मग हळू, एकेक अक्षर सांभाळत, "पाना माझ्याकडें आहे. परत येऊनशी घे."

मला रडू फुटलं. भावाला काही कळेना. मी त्याला जटकेतून पेटी खाली काढायला लावली आणि स्वतः आत नेऊन ठेवली, कोलूच्या रिकाम्या पायऱ्यांशेजारी.

माहेरी पोचल्यावर वडिलांनी माझं सामान बघितलं आणि विचारलं, "मशीन बरं चालतंय ना?"

"चालतंय," मी म्हटलं. "पाना आत्याबाईंकडे आहे."