दोन नंबरच्या खोलीतली सोयरीक

माजलगावच्या रस्त्याला, साखर कारखान्याच्या फाटकासमोर आमचं लॉज होतं. लॉज म्हणायचं ते बोर्डावर तसं लिहिलं होतं म्हणून. चार खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे स्वयंपाकघर आणि तिथेच आमचा संसार. कारखाना जोरात असला की खोल्या रिकाम्या राहायच्या नाहीत. मशिनरीचे फिटर यायचे, सभासदांचे पाहुणे यायचे, आपल्या उसाला तोड कधी येणार हे विचारायला आलेले शेतकरी पडवीत सतरंजीवर पडून राहायचे. गाळप सुरू असताना मळीचा वास उशांनासुद्धा लागायचा. पाहुणे नाक मुरडायचे. मला मात्र तो वास आला की हंगाम नीट जाणार असं वाटून बरं वाटायचं.

दुष्काळ पडला आणि तो वास गेला. धरणात गाळ दिसू लागला, उभा ऊस वैरणीला गेला, कारखान्याने त्या वर्षी बॉयलर पेटवलाच नाही. जिथे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची त्या मैदानात चारा छावणी उघडली. गावोगावची गुरं तिथे दावणीला आली, आणि गुरांबरोबर माणसंही. आमच्याकडे आता मुक्कामाला बोअर घेणारे, टँकरवाले, नाहीतर दुष्काळाची पाहणी करायला आलेले साहेब. एका साहेबांनी सकाळी आंघोळीला दुसरी बादली मागितली. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही दुष्काळच बघायला आलात ना? मग हा बघा." आमचे हे दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

लॉज चालवणं म्हणजे मुळात पाण्याचं काम, हे मला तेव्हा कळलं. चादरी, फरशी, संडास, चहा, आंघोळ, सगळं पाण्यावर. पांढऱ्या चादरी मी पेटीत टाकल्या आणि गडद चौकड्यांच्या काढल्या, त्यांच्यावर मळ दिसत नाही. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. न्हाणीघरात ह्यांनी पाटी लावली, ‘पाणी जपून वापरा’. खाली कुणीतरी कोळशाने लिहिलं, ‘आहे कुठे?’ हे पाटी काढायला निघाले, मी काढू दिली नाही. तेवढीच एक हसायची जागा उरली होती.

एक रीत मात्र मी मोडली नाही. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी द्यायचं, मग तांब्याभर प्यायला, आणि मगच कुठून आलात म्हणून विचारायचं. भाडं देणारा पाहुणाही पाहुणाच. बादलीची अर्धी बादली झाली, पुढे नुसता तांब्या झाला, पण दारात पाणी ठेवलं. आसपासच्या गावांत ते माहीत झालं होतं.

त्याच उन्हाळ्यात धारूरकडच्या डोंगरातली एक बाई माझ्याकडे आली. तिचा नवरा आणि मुलगा बैल घेऊन समोरच्या छावणीत राहत होते. मुलगा तिशीला टेकलेला. कारखान्याच्या वजनकाट्यावर हंगामी कामाला होता, काटाच बंद म्हणून तोही बैलांपाशी. मोठ्या खटपटीने गोदाकाठच्या एका गावातलं स्थळ जुळत आलं होतं. मुलगी बघून झाली होती, पसंतीही झाली होती. आता मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती.

"ताई, पावन्यांना घरी न्यावं कसं?" ती म्हणाली. "टँकर आला तर आला. दारात पाय धुवायला पानी ठिवायची सोय न्हाई. तुमची एक खोली द्या दुपारपुरती. बाप-लेक हितंच हायेत, तवा हितंच बसू म्हनलं तर कुनी कावून म्हनून इचारनार न्हाई."

"आणि घरच बघायचं म्हणाले तर?"

"म्हनू, पाऊस पडल्यावर या."

मला राग आला, पण तो तिच्यावर धरता येईना. डोंगराकडच्या गावांत त्या वर्षी कुणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. चांगली कष्टाळू, निर्व्यसनी मुलं नुसती बसून होती, आणि त्यांच्या आयांची तोंडं बघवत नव्हती. मी तिला दोन नंबरची खोली दिली, कारण तिथला पंखा बरा चालायचा.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. मुलीचे आई-वडील आणि मामा. मी दारात बादली ठेवली, काठोकाठ भरून. त्यासाठी बोअरवाल्यांना आज आंघोळ नाही म्हणून सांगितलं आणि त्यांची कुरकुर ऐकून घेतली. मुलाच्या आईने स्वतः पाहुण्यांच्या पायांवर पाणी घातलं. एवढं पाणी हाताशी असायची सवय नसल्यासारखा तिचा हात सैल सुटला होता. पुरुष खोलीत बसले आणि कारखान्याचे शेअर, पुढचा हंगाम, संचालकांची भांडणं असं बोलू लागले. बोलण्यात पाण्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

मुलीची आई मात्र उठून माझ्या स्वयंपाकघरात आली. मी चहा टाकला होता, मुलाची आई कप पुसत होती. मुलीची आई उंबऱ्याजवळ बसली आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "ताई, तुमच्याकडं साऱ्या गावची मानसं उतरत्यात. तुमाला ठाव असंल. खरं सांगा, यांच्या गावात पानी हाय का?"

चहा वर आला होता. मी गॅस बारीक केला. मी कोण, तर खोल्या भाड्याने देणारी बाई. तरी त्या घटकेला एका मुलाचं लग्न आणि एका मुलीचा जन्म माझ्या जिभेवर येऊन बसला होता, आणि मला ते अजिबात नको होतं.

"यंदा काय, सगळीकडेच..." मी सुरुवात केली.

"न्हाई," मुलाची आई म्हणाली. तिने कप खाली ठेवला. "यंदा न्हाई, अन् गेल्या साली उन्हाळ्यात बी नव्हतं. डोंगर उतरून हिरीवर जावं लागतं. हे बघा." तिने डोक्यावरचा पदर मागे सारला. हंड्याखाली येतो तेवढ्या जागी तिचे केस झडून टाळू दिसत होती. "पोरगं लई चांगलं हाय, येवढं मातर खरं. माझ्या अंगात जोर हाय तवर पानी म्या आनीन. तुमच्या लेकीला धाडनार न्हाई."

"अन् तुमच्या माघारी?"

तिने पदर पुन्हा डोक्यावर ओढून घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी साखरेच्या डब्यात बघत राहिले.

मुलीच्या आईने माझ्याकडे कुंकवाची कुयरी मागितली. तिने मुलाच्या आईला कुंकू लावलं आणि तिचा हात हातात धरला. "राग धरू नका," ती म्हणाली. "माझ्या जागी तुमी असता, तर दिली असती का लेक?"

"न्हाई," मुलाची आई म्हणाली.

पाहुण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले, रामराम करून गेले. मुलाच्या बापाला बायकोचा चेहरा बघून सगळं समजलं. बैलांना वैरण टाकायची राहिलीय म्हणत तो रस्ता ओलांडून छावणीत गेला. पडवीत ताठ बसून राहिलेला मुलगा तेवढा आत आला.

"आये, काय म्हनले?"

ती पलंगावरची चादर घडी करत होती. "पाऊस पडल्यावर बघू म्हनले."

त्याने आईकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय का, ताई?"

तिने मान वर केली नाही.

"हो," मी म्हटलं. "तसंच म्हणाले."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्याने अंगातला नवा शर्ट जपून काढला, घडी घातली आणि आईच्या हातात दिला. "ह्यो धुवू नगस," तो म्हणाला. "घडीभरच घातलाय. ते परत आल्यावर ह्योच घालीन."