दादाचा पत्ता

माझा मोठा भाऊ मधुकर जाऊन सहा आठवडे झाले. भेटायला येणारे विचारतात, कशानं गेले? मी म्हणते, हार्ट अटॅक. तेवढंच सांगते... पण लिहायला बसल्यावर तेवढ्यावर भागत नाही.

दादा पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आमचं घर खदान वस्तीत. तिथल्या दगडावर अर्ध्या शहराचे पाये उभे आहेत, तरी कुठं चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली आमच्याकडं. रिक्षावाले नाक्यावरच उतरवायचे. कॉलेजात कुणी पत्ता विचारला की मी ‘सिडकोजवळ’ म्हणायचे. दादानं एकदा ते ऐकलं आणि मैत्रिणींदेखत मला झापलं, “खदान वस्ती म्हण की! जीभ झडती का तुही?” तो स्वतः प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ‘मधुकर पेंटर, खदान वस्ती’ असं लिहायचा. एका शेठनं तेवढं पुसायला सांगितलं, तर ह्यानं अख्खी पाटी पुसली आणि मजुरी सोडून घरी आला. घरात खायची मारामार आणि ताठा केवढा! मला त्याचा रागच यायचा.

पुढं खदानीच्या काठावर बारा मजली ‘लेक क्रेस्ट’ उभं राहिलं. खदानीत साचलेलं पाणी आमचं होतं तोवर डबकं होतं, त्यांचं झालं आणि लेक झालं. वस्तीतल्या निम्म्या घरांना नोटिसा आल्या, उरलेल्यांपुढं भिंत आली आणि नाक्याकडं जायची वाट बंद झाली. रिक्षा आता आनंदानं येतात, पण भिंतीच्या त्या बाजूला. आम्ही अजून ‘खदानीतले’च.

त्या दुपारी मी माहेरीच होते. दादा छाती धरून खाली बसला. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, त्यांनी पत्ता विचारला आणि माझ्या तोंडून निघालं, “लेक क्रेस्ट.” वस्तीचं नाव घेतलं तर येतील की नाही, ही जन्माची धास्ती. गाडी लगेच आली, त्यांच्या गेटवर. शेजाऱ्यांनी दादाला बाजेवर घातलं आणि भिंतीला वळसा घालून पळत नेलं. तो शुद्धीवर होता. गेट दिसल्यावर म्हणाला, “हितला पत्ता कुनी दिला?” डॉक्टर गाडीतून उतरेपर्यंत तो गेला होता.

मागच्या आठवड्यात दाखला मिळाला. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तिला बारीक अक्षर दिसत नाही. दादाच्या खोलीत, रंगाच्या सुकलेल्या डब्यांशेजारी आम्ही बसलो होतो. “वाचा की ताई, काय लिवलंय,” ती म्हणाली. मी नाव वाचलं, वय वाचलं. पुढं मृत्यूचं ठिकाण... ‘लेक क्रेस्ट, मुख्य प्रवेशद्वारासमोर’.

“खदान वस्ती,” मी मोठ्यानं वाचलं.

“व्हय,” वहिनी म्हणाली, “दुसरं काय असनार?”