डाव्या हाताची मूठ

आमच्या घरात ह्यांनी स्वतःच्या हातानं केलेली एकही वस्तू आपल्या जागी नीट बसत नसे. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यासाठी देवघर केलं, ते कोनाड्यात जाईना. देव बरीच वर्षं अर्धे भिंतीत आणि अर्धे बाहेर राहिले. कपाटासाठी खण केला, तो आत सरकेना. मापं मी शिवणाच्या टेपनं घेऊन सांगायची, लाकूड हे आपल्या पट्टीनं कापायचे. मी काही म्हटलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "पावसाळ्यात लाकूड फुगते." मग एप्रिल महिना का असेना. एकदा मी म्हटलं, पोराच्या दप्तरातली पट्टी घेऊन पुन्हा मोजा तरी. "पोराच्या पट्टीनं मोजू का मी?" म्हणाले आणि खणावर हातोडी मारायला लागले.

गंमत अशी, की लाकडाचं माप हीच ह्यांची नोकरी. भिलाईच्या कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये हे चार्जमन, म्हणजे कारागिरांवरचे प्रमुख होते. पोलादाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात वितळलेलं पोलाद ओततात. तो लाकडी नमुना करणं हे ह्यांचं काम, आणि तिथे ह्यांचा शब्द चालायचा. मोठे साहेब नमुन्यावरून हात फिरवून बघतात, असं शेजारच्या बायका मला कौतुकानं सांगायच्या. मी मान हलवायची आणि अर्ध्या बाहेर आलेल्या देवांना फूल वाहायची.

मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये क्लार्क होते. आणि जन्माची डावरी. लहानपणी वर्ध्याला आई माझ्या डाव्या हातातला घास काढून उजव्या हातात द्यायची. शाळेत डाव्या हातात खडू दिसला की बाई बोटांवर पट्टी मारायच्या. लिहिणं, जेवणं, वाढणं, कुंकू लावणं, सगळं मी उजव्या हातानं शिकले आणि बरं शिकले. डावा हात उरला तो बादल्या उचलायला. त्याचं मला वाईट वाटायचं असंही नाही. जे सगळ्या घरांत होतं तेच आमच्याकडे झालं होतं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट असेल. कारखान्याच्या क्रीडामेळाव्यात रायफल क्लबनं फुगे फोडायचा स्टॉल लावला होता. पोराच्या हट्टापायी मी छर्ऱ्याची बंदूक उचलली. उचलली ती थेट डाव्या खांद्याला लावली. तिथे मला कोणी शिकवलेलं नव्हतं ना! फळ्यावरचा एकही फुगा शिल्लक राहिला नाही. पोरगा आनंदानं नाचला आणि हे जरा बाजूला सरकून उभे राहिले. क्लबचे सचिव म्हणजे कारखान्यातलेच एक बंगाली अधिकारी. ते म्हणाले, "भाभीजी, आप क्लब में आइए."

गेले. क्लबकडे निशाणबाजीचं एकच चांगलं पिस्तूल होतं, परदेशी, हवेच्या दाबावर चालणारं. कागदावरच्या काळ्या वर्तुळात शिशाचा बारीक छर्रा मारायचा, तोही एका हातानं. त्या पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती आणि मी तशी वस्तू आधी पाहिली नव्हती. अंगठ्याला खोबण, बोटांमध्ये उठाव, तळहात टेकायला खाली छोटीशी बैठक. कोणीतरी हात डोळ्यांसमोर ठेवून ती कोरली होती. फक्त तो हात उजवा होता. माझ्या डाव्या हातात तिचा प्रत्येक उठाव नको तिथे टोचायचा.

"दाएं से सीख लीजिए, दो-चार महीने में हो जाएगा," सचिव म्हणाले. मनानं चांगले होते ते. पण आईचंच वाक्य हिंदीतून ऐकल्यासारखं झालं आणि माझं डोकं फिरलं.

घरी येऊन मी भांडी आदळायला लागले. "कावून आदळआपट करून राहिली?" ह्यांनी विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर हे सायकल घरी न आणता परस्पर क्लबात गेले, पिस्तूल उलटंपालटं करून पाहिलं आणि सचिवांना म्हणाले, मूठ एका स्क्रूवर तर बसली आहे, मी दुसरी करून देतो. सचिवांनी दोन अटी घातल्या. पिस्तुलाच्या लोखंडाला कानस लागता कामा नये. आणि क्लबनं माझं नाव दिलं होतं त्या रायपूरच्या स्पर्धेत ही मूठ तपासणीत नापास झाली, तर मी उजव्या हातानं खेळायचं, नाहीतर नाव मागे घ्यायचं. उजव्या हातानं मला समोरची भिंतसुद्धा सापडत नव्हती. म्हणजे काय ते ह्या एका मुठीवर होतं.

ह्यांनी आधी माझ्याकडून घट्ट कणीक मळून घेतली आणि काठीवर थापली. "धर, नेम धरल्यासारखी. आता हालू नको." मी अंगणात हात लांब करून उभी, हे समोर स्टुलावर. माझ्या बोटांकडे इतकं टक लावून ह्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं, असं मी म्हटलं. "लग्नात उजवा हात धरला होता," म्हणाले.

लाकूड आणलं ते जवळच्या कुरुद गावातल्या एका सुताराकडून. जुन्या दाराच्या चौकटीचा बिजा, म्हणजे आपल्या बिबळ्याच्या लाकडाचा तुकडा, तांबूस सोनेरी. नवं लाकूड वाळताना वाकतं, ह्यानं वाकायचं तेवढं वाकून घेतलं आहे, असं हे म्हणाले. मग रोज संध्याकाळी व्हरांड्यात पटाशी, कानस, काचकागद. थोडं कोरायचं, मला हाक मारायची. पोळी तव्यावर टाकून मी जायची, पिठाच्या हातानं मूठ धरायची. जिथे पीठ लागलं तिथे लाकूड हाताला भिडतं आहे, जिथे लागलं नाही तिथे पोकळी. ही युक्ती माझ्या पिठामुळेच सापडली, पण श्रेय कोणी दिलं नाही. शेवटी खिळा घासून त्याची बारीक आर केली आणि बोटं टेकतात तिथे ठिपके ठोकले, म्हणजे घामानं हात सरकू नये. एकेक ठिपका दुसऱ्याला न शिवता. त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या. माझ्या डाव्या हातासाठी कोणी काही करतं आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मूठ झाली, बसली, दिसायला अक्रोडाच्या मुठीपेक्षा देखणी. पण जराशी जाड, त्यामुळे हातात घेतली की बोटं पुरती वळायची नाहीत आणि पकड किंचित सैल. छर्रा सुटताना जराशी फिरायची.

"सैल आहे हो," मी म्हटलं.

"सैल नाही. तूच ढिली धरून राहिली."

"हात माहा आहे."

"अन् माप माह्यं आहे."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पावसाळा नव्हता हे एक बरं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही रायपूरला बसनं निघालो. वाटेतलं कुम्हारी मागे पडलं तरी हे पिशवीतल्या पिस्तुलावर हात ठेवून बसले होते. मैदानावर तपासणीच्या टेबलाशी पोलीस खात्यातले एक वयस्कर गृहस्थ होते आणि त्यांच्यासमोर पत्र्याची एक पेटी. नियम असा, की पिस्तूल मुठीसकट त्या पेटीत आडवं मावलं पाहिजे. मूठ पेटीच्या खोलीहून जाड चालत नाही. ह्यांना नियम ठाऊक होता आणि हाताला भरपूर टेकू मिळावा म्हणून ह्यांनी जेवढी मुभा तेवढी जाडी ठेवली होती.

पिस्तूल पेटीत गेलं आणि वर अडकलं. मूठ पेटीच्या काठाच्या एवढीशी वर.

"नहीं चलेगा," ते म्हणाले.

"चलेगा कैसे नहीं," म्हणत ह्यांनी खिशातून आपली पोलादी पट्टी काढली. मुठीला लावली. माप बरोबर. त्या गृहस्थांनी आपली पट्टी लावली. माप जास्त. मग त्यांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळलं, पण पुढे जावं तशा रेघा एकमेकींपासून सरकत गेल्या.

ह्यांचा चेहरा उतरला. मला समजेना, म्हणून ह्यांनी हळू आवाजात सांगितलं. वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं. म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्न शॉपची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर जगातल्या सेंटिमीटरपेक्षा अंमळ मोठा. तीच पट्टी वर्षानुवर्षं ह्यांच्या खिशात होती. घरी येतानाही.

माझ्या डोळ्यांसमोर देवघर उभं राहिलं, मग कपाटाचा खण. हसू मला आवरेना. पण ह्यांच्याकडे पाहिलं आणि आवरलं. इतक्या वर्षांत ह्यांना इतकं लहान झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"तुह्यं नाव जाईन आता," हे म्हणाले.

"नाव कायले जाते? छिला तिले," मी म्हटलं.

माझा नंबर यायला वेळ होता. हत्यारं भिलाईत राहिलेली. हे बाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले आणि तिथून फुटलेल्या ग्लासची काच घेऊन आले. झाडाखाली बसून त्या काचेच्या धारेनं मूठ खरवडायला लागले. कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघत होते. मध्येच थांबायचे, "धर," म्हणायचे. मी धरायची. "आता?" "अजून थोडी." ह्या खेपेला एकदाही माझ्या हाताला नाव ठेवलं नाही. एका क्षणी मूठ हातात आली आणि आहे की नाही तेच कळेना. मी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी काच खाली ठेवली.

पिस्तूल पेटीत अलगद उतरलं. पहिली आले असं सांगायला मला आवडलं असतं. तिसरी आले. पण शेवटचा छर्रा मारून हात खाली घेतला तेव्हा तो हात मला माझा वाटला, आणि त्या आनंदापुढे पहिला नंबर मला किरकोळ वाटला.

संध्याकाळी घरी चहा घेताना हे बराच वेळ कोनाड्याकडे बघत होते.

"कोनाडा बरोबर होता," म्हणाले.

"मले माहीत होतं."

मग कप खाली ठेवून ह्यांनी विचारलं, "सांग, या घरात अजून काय काय उजव्या हाताचं आहे?"

मला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मी स्वतःलासुद्धा नाही. विळी, म्हटलं. कात्री. दूध ओतायच्या पातेल्याची चोच. मागच्या दाराची कडी. एक सांगितलं की दुसरं आठवत होतं, मी थांबले नाही.

हे उठले, पोराच्या दप्तरातून प्लास्टिकची पट्टी काढली आणि विळीपाशी जाऊन बसले.